जुन्या वस्तूंचं दुकान आवरताना: माल आधी, शटर शेवटी

किराणा दुकान बंद करायचं ठरलं तर उरलासुरला माल घाऊकवाला परत नेतो, काटा आणि फ्रिज विकले जातात आणि महिन्याभरात मालकाच्या हातात चावी पडते. आपल्या धंद्यात हे इतकं सरळ नसतं. माळ्यावर वडिलांच्या वेळच्या हंड्या आणि झुंबरं, दुरुस्तीला आलेली पण कोणी न्यायला न फिरकलेली घड्याळं, कोणाची तरी जांगडवर (विकली तर पैसे, नाहीतर वस्तू परत, या बोलीवर) ठेवलेली शिसवी पेटी, कागद नसलेली एखादी मूर्ती. आणि यातली कुठली वस्तू किती रुपयांना घेतली, ते फक्त दुकानदाराच्या डोक्यात. वर कायद्याचा पेच असा, की शंभर वर्षांपलीकडची वस्तू धंदा म्हणून विकायला परवाना लागतो. परवाना गेला, की कालपर्यंतचा माल आज अडगळ होतो, आणि तीही जोखमीची.

म्हणून क्रम पाळायचा: आधी माल, मग जागा, मग नोंदण्या आणि सगळ्यात शेवटी बँकेतलं चालू खातं. भाडं अंगावर येतंय म्हणून आधी जागा सोडणारे बरेच दिसतात. पुढे तो माल नातेवाइकांच्या गॅरेजमध्ये जातो, पावसाळ्यात कुबट होतो आणि शेवटी पडेल भावात जातो. पुढचं सगळं पुण्या-मुंबईकडचं छोटं, घरची माणसं आणि एखादा मदतनीस मिळून चालवतात तसं दुकान डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे.

तारीख ठरवा आणि मागे मोजत या

हिशेबाच्या सोयीने ३१ मार्च ही बंद करायची उत्तम तारीख. वर्ष तिथेच संपतं, विवरणपत्रं स्वच्छ भरता येतात. तिथून मागे किमान एक वर्ष धरा, माल फार असेल तर दीड. या काळात एक दिवाळी आणि एक लग्नसराई पूर्ण मिळायला हवी. समया, घंगाळं, पितळी डबे, झोपाळ्याच्या कड्या या दोन मोसमांतच चांगल्या भावाने जातात. पितृपक्षात गिऱ्हाईक नसतं, ते पंधरा दिवस यादी करायला ठेवा. लिलावगृहाकडे वस्तू द्यायच्या असतील तर त्यांचा कॅटलॉग विक्रीच्या कितीतरी आधी बंद होतो आणि पैसे विक्रीनंतर काही आठवड्यांनी येतात. तेव्हा तिकडचा माल पहिल्या तीन-चार महिन्यांतच बाहेर पडायला हवा.

बंद करतोय ही बातमी मात्र लगेच फोडू नका. बाजारात ती पसरली की दुसऱ्या दिवसापासून जो येतो तो ‘आता तर तुम्हाला काढायचंच आहे’ असं म्हणत निम्म्यावर सुरुवात करतो. पाटी लावायची ती शेवटच्या दोन-अडीच महिन्यांत.

नगानगाची यादी

हे काम सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं. प्रत्येक नगाला क्रमांक, मोबाइलवर दोन फोटो (एक समोरून, एक तळाचा किंवा मागचा, शेजारी मोजपट्टी ठेवून), खरेदीचं साल, कोणाकडून, किती रुपयांना, आणि आजचा तुमच्या मते भाव. भावाचे दोन आकडे लिहा: हौशी गिऱ्हाईक देईल तो, आणि दुसरा दुकानदार देईल तो. यांत दुपटीचा फरक निघाला तरी नवल नाही.

जुन्या दुकानदारांची खरेदीची किंमत चिठ्ठीवर सांकेतिक अक्षरांत असते: दहा वेगवेगळ्या अक्षरांचा एखादा शब्द घ्यायचा आणि प्रत्येक अक्षराला एक अंक. समजा समईच्या बैठकीखाली तीन चिठ्ठ्या आहेत. सगळ्यात खालची पिवळी पडलेली वडिलांच्या हातची, त्यावर चार अक्षरं. वरच्या दोन विक्रीच्या किमतीच्या. मुलांना ती चार अक्षरं काहीच सांगत नाहीत. त्या शब्दाची फोड आज वहीत लिहून ठेवा, कारण आयकरात खरेदीची किंमत दाखवताना तीच चिठ्ठी आणि खरेदी वही कामाला येते. चिठ्ठ्या खरवडून काढू नका, फोटो काढून तशाच राहू द्या.

यादी होतानाच माल वेगळा पडत जातो. दुसऱ्याचा माल एकीकडे: जांगडचा, दुरुस्तीला आलेला, कोणी ‘ठेवून घ्या, सांगतो’ म्हणून ठेवलेला. याच्या मालकांना आधी फोन, मग रजिस्टर पोस्टाने पत्र. माल परत देताना सही घेतल्याशिवाय नग हातातून सोडायचा नाही. तुमचा स्वच्छ माल, म्हणजे ज्याची वही आणि पावती आहे, दुसरीकडे. आणि ज्याच्याकडे बघून तुम्ही मनात ‘हं’ म्हणता, तो तिसरीकडे.

यादी होईपर्यंत कशालाही चिंच किंवा पितांबरी लावू नका. शंभर वर्षांचा काळपट रंग पंधरा मिनिटांत जातो आणि जाणकार गिऱ्हाईक त्या रंगाचेच पैसे देत असतं. धूळ मऊ ब्रशने झटकली की पुरे.

तिसऱ्या ढिगाचं काय करायचं

इथे घाई केली तर निवृत्तीचे दिवस कोर्टात जातील, म्हणून सावकाश.

पुरावशेष व कलासंपदा कायदा १९७२ चा आहे आणि ५ एप्रिल १९७६ पासून लागू झाला. त्याच्या व्याख्येत किमान शंभर वर्षं जुनी नाणी, मूर्ती, चित्रं आणि कारागिरीच्या वस्तू येतात. ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाच्या हस्तलिखितांना आणि कागदपत्रांना तर पंचाहत्तर वर्षंच पुरतात. म्हणजे २०२६ साली १९२६ च्या आधीची वस्तू या रेषेपलीकडे आहे, आणि रेषा दरवर्षी एक वर्ष पुढे सरकते. तुम्ही तरुणपणी ‘जुनी, पण अँटिक नाही’ म्हणून घेतलेलं घड्याळ आज त्यात बसलं असेल.

विकायचा परवाना आणि वस्तूची नोंदणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धंदा करायला परवाना लागतो, तो भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या परवाना अधिकाऱ्याकडून. नोंदणी काही प्रकारच्या वस्तूंनाच सक्तीची आहे: दगड, धातू, मृण्मय, हस्तिदंत, हाड आणि लाकूड यांतली शिल्पं, सर्व माध्यमांतली चित्रं, आणि चित्रं असलेल्या पोथ्या. नोंदलेली वस्तू दुसऱ्याच्या मालकीची झाली की तसं नोंदणी अधिकाऱ्याला कळवावं लागतं. तेव्हा या प्रकारचा माल परवाना चालू असतानाच, नोंदणीच्या दाखल्यासह आणि विक्रीच्या नोंदवहीत पूर्ण नोंद करून विका. परवान्याची मुदत तुम्ही ठरवलेल्या तारखेआधी संपत असेल तर ‘आता काय, बंदच करतोय’ म्हणून नूतनीकरण टाळू नका. परवाना सोडायची वेळ आली की उरलेल्या पुरावशेषांची यादी जोडून लेखी पत्र द्या आणि पोच घ्या.

मूर्ती आहे, पण दाखला नाही आणि खरेदीची पावतीही नाही, तर ती विकायची नाही. एखाद्या देवळातून आलेली असण्याची शंका असेल तर वकिलाला विचारून अधिकाऱ्यांकडेच जायचं. भावाला, मेव्हण्याला ‘सांभाळायला’ देणं हा उपाय नाही, त्याने फक्त अडचणीतली माणसं वाढतात. शेतात नांगरताना सापडलेली म्हणून कोणी आणून दिलेली नाणी हा आणखी वेगळा मामला. जमिनीत सापडलेल्या धनासाठी १८७८ चा कायदा अजून चालू आहे आणि त्याची वाट जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते.

वन्यजीव कायद्याखाली येणाऱ्या वस्तू तर शंभर वर्षं जुन्या असोत वा पन्नास, फरक पडत नाही. हस्तिदंती कंगवे आणि सोंगट्या, सांबरशिंगाच्या मुठीचे सुरे, सोन्यात मढवलेलं वाघनखाचं लॉकेट, भिंतीवरचं गव्याचं मुंडकं. देशी हस्तिदंताचा व्यापार १९८६ च्या आणि आयात हस्तिदंताचा १९९१ च्या दुरुस्तीने बंद झाला. मालकीचं प्रमाणपत्र असेल तर वस्तू वारसाला जाऊ शकते, विकता येत नाही. नको असेल तर २०२२ च्या दुरुस्तीनंतर प्रमाणपत्रधारकाला ती मुख्य वन्यजीव रक्षकांकडे स्वेच्छेने जमा करता येते. भरपाई काही मिळत नाही. प्रमाणपत्रच नसेल तर आधी वकील. जुनी बंदूक, ठासणीची का असेना, पोलिसांच्या परवाना शाखेत विचारल्याशिवाय हलवू नका. तलवारी आणि जंबियांचंही तिथेच विचारून घ्या.

एक नेहमीचा प्रश्न: ‘मुलगी अमेरिकेत आहे, आजीची समई तिला पाठवू का?’ समई शंभर वर्षांपलीकडची असेल तर नाही. खाजगी माणसाला पुरावशेष देशाबाहेर नेता येत नाही, भेट म्हणूनही नाही. त्याहून नवी असेल, पण दिसायला जुनी, तर पुरातत्त्व खात्याकडून ‘पुरावशेष नाही’ असं प्रमाणपत्र काढून मगच पाठवा, नाहीतर विमानतळावर ती अडकते.

विकायचा क्रम

सगळ्यात चांगल्या वस्तू आधी, दुकान चालू असताना, पाटी लागण्यापूर्वी. तुमच्या वहीत पंधरा-वीस संग्राहकांची नावं असतीलच: कोणी फक्त अडकित्ते घेतं, कोणी दौती, कोणी गंजिफा, म्हणजे जुने गोल पत्ते. त्यांना स्वतः फोन करा. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर फोटो टाकला की वस्तू शिळी होते. एकेकाला वेगळं दाखवलं की त्याला ती आपल्यासाठी राखल्यासारखी वाटते आणि भावही नीट मिळतो.

ज्या वस्तूचा भाव तुम्हालाच नक्की सांगता येत नाही, ती लिलावाला. रविवर्मा प्रेसची छापील चित्रं हे चांगलं उदाहरण. हा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. चित्राच्या तळाशी प्रेसच्या नावाची छापील ओळ शाबूत आहे का, हे चौकटीतून काढून बघा. कितीतरी फ्रेमवाल्यांनी चौकटीत बसवायला नेमकी तीच पट्टी कापलेली असते, आणि मग चित्र तेच असूनही भाव पडतो. लिलावगृहाशी बोलताना कमिशन, विम्याचा खर्च आणि वस्तू न विकली गेल्यास परत आणण्याचं भाडं कोणाचं, हे तीन मुद्दे आधी लेखी घ्या.

मग दुसऱ्या दुकानदारांना लॉट, म्हणजे एकगठ्ठा माल. लॉट घेणारा सगळ्यात टाकाऊ वस्तूवर नजर ठेवून भाव लावतो, म्हणून प्रत्येक लॉटमध्ये दोन-तीन नग असे असू द्या, की ज्यांच्यासाठी तो बाकीचा माल उचलेल. चांगले सगळे आधीच निवडून काढले तर उरलेलं किलोवरच जातं. दोघा-तिघांना वेगवेगळ्या दिवशी बोलवा. एकत्र आले तर ते आपसांत ठरवतात, हे तुम्हाला सांगायला नको. आपणही इतकी वर्षं तेच केलं.

पितळ, तांबं आणि कासं यांचा त्या दिवसाचा मोडीचा भाव माहीत करून घ्या, तीच तुमची तळाची रेघ. पण मोडीत टाकण्याआधी प्रत्येक नग उलटा करून बघायचा. तळाला कोरलेलं नाव, गावाचं नाव किंवा साल असलेलं भांडं वजनावर द्यायचं नसतं. शिवराईंचा डबा असेल तर एकेक नाणं हातात घ्या. देव्हाऱ्यातले चांदीचे टाक सराफाकडे आटायला जातात याचं मला फार वाईट वाटतं, कारण टाकावरच्या घडणीचे पैसे सराफ कधीच देत नाही.

शेवटी बंद होण्याचा सेल. शनिवार-रविवार, किमती ठळक लिहिलेल्या, घासाघीस नाही. यात इनॅमलचे बोर्ड, चिनी मातीच्या बरण्या, रेडिओ, कंदील आणि सुट्या कड्या-कोयंडे झपाट्याने जातात. दोन लाख रुपये किंवा त्याहून जास्त रोख एका व्यवहारात घेता येत नाही, हे गर्दीत विसरू नका.

जे विकवत नाही ते दान. मोडी लिपीतले कागद, जुनी बाडं आणि जमाखर्चाच्या वह्या रद्दीत अजिबात घालू नका. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून हेच काम करत आलं आहे, तिथे आधी विचारा. संग्रहालयं मात्र सगळं घेत नाहीत. दिनकर केळकरांनी १९७५ साली आपला संग्रह राज्य शासनाला दिला, त्यात तुमच्या दुकानातल्या बहुतेक प्रकारच्या वस्तू आधीच आहेत. फोटोंची यादी पाठवा, ते निवडतील. दानाची पोच घ्या, पण आयकरात सवलतीची आशा धरू नका. ८०जी ची वजावट पैशाच्या देणगीला होती, वस्तूला नाही.

घरी काय न्यायचं, आणि त्यावरचा कर

‘हे मी विकणार नाही’ अशा काही वस्तू प्रत्येकाकडे असतात. त्या सरळ दिवाणखान्यात मांडल्या की झालं, असं वाटतं. पण वहीत तो दुकानाचा माल आहे. विक्रीचा माल स्वतःच्या मालमत्तेत वळवला, की त्या दिवशीचा बाजारभाव धंद्याचं उत्पन्न म्हणून धरला जातो. पुढे कधी विकली तर भांडवली नफा वेगळा. चित्रं, शिल्पं आणि कलावस्तूंना ‘घरगुती सामान’ म्हणून सूट मिळत नाही. तेव्हा घरी नेण्याची यादी छोटी ठेवा, तारीख आणि भाव लिहून चार्टर्ड अकाउंटंटकडे द्या. ज्या वस्तू मुळात वडिलोपार्जित होत्या आणि दुकानाच्या वहीत कधी चढल्याच नाहीत, त्यांची यादी वेगळी असू द्या.

जागा आणि माणूस

जागा लीव्ह अँड लायसन्सवर असेल तर नोटिशीचे महिने आणि डिपॉझिट एवढंच बघायचं. पागडीची, म्हणजे ठोक रक्कम देऊन घेतलेल्या जुन्या भाडेहक्काची, असेल तर तीच कदाचित तुमची सगळ्यात मोठी ठेव आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ भाडेकरूला हक्क सोडताना किंवा दुसऱ्याला देताना मोबदला घेऊ देतो आणि मालकाला संमतीसाठी मोबदला घेऊ देतो. मालक साधारण एक तृतीयांशाच्या आसपास मागतात. किती द्यायचा ते बोलण्यावर आहे. व्यवहार नोंदणीकृत करारानेच करा, संमती लेखी घ्या, आणि सगळी रक्कम खात्यात आल्याशिवाय ताबा देऊ नका. या पैशावर भांडवली नफ्याचा कर लागतो. मुलगा किंवा मुलगी दुकानात तुमच्याबरोबर काम करत असेल तर हक्क विकायच्या आधी त्यांच्याशी बोला. भाडेकरूच्या पश्चात तिथे धंदा करणाऱ्या घरच्या माणसाचा कायद्यात विचार केलेला आहे.

शेवटचा नग बाहेर पडेपर्यंत आगीचा आणि चोरीचा विमा चालू ठेवा. अर्ध्या रिकाम्या दुकानातली चोरी लवकर लक्षात येत नाही.

मदतनिसाला पाटी लागण्याच्या बऱ्याच आधी तुमच्या तोंडून कळलं पाहिजे. छोट्या दुकानाला ग्रॅच्युइटीचा कायदा बहुधा लागू होत नसतो, पण माप म्हणून तो धरा: दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, महिना सव्वीस दिवसांचा. वीस वर्षं झुंबरं उतरवणारा आणि शिसवी कपाटं खुंट्या काढून जोडणारा माणूस दुसऱ्या दुकानदाराला हवाच असतो. दोन फोन तुम्हीच करा.

नोंदण्या बंद करणं

जीएसटी रद्द करायचा अर्ज आरईजी-१६, धंदा बंद झाल्यापासून ३० दिवसांत. शिल्लक मालावर आधी घेतलेलं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) परत करावं लागतं, म्हणून माल संपल्यावर अर्ज करणं सोयीचं. रद्द झाल्यापासून तीन महिन्यांत अंतिम विवरण जीएसटीआर-१०. हे लोक हमखास विसरतात आणि वर्षभराने नोटीस येते. गुमास्ता, म्हणजे दुकानाची नोंदणी, तिथेही बंद झाल्याची सूचना ३० दिवसांत. व्यवसाय कराचे दोन्ही क्रमांक (स्वतःचा आणि मदतनिसाच्या पगारावरचा), उद्यम (छोट्या उद्योगांची नोंदणी) आणि दुकानाची वीजजोडणी आपापल्या ठिकाणी बंद करून ठेव परत मागा. जीएसटीच्या वह्या वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवाव्या लागतात. पुरावशेषांच्या विक्रीच्या नोंदी तर मी म्हणेन कधीच टाकू नका. उद्या एखाद्या मूर्तीचा शोध सुरू झाला तर तुमच्या बाजूने बोलायला तेवढंच असतं.

अर्धी निवृत्ती

या धंद्यात माणूस दमतो तो ओझ्याने, भाड्याने आणि दिवसभर बसून राहण्याने. वस्तू ओळखण्याने कोणी दमत नाही. तेव्हा तेवढंच ठेवा.

वाडे पाडले जातात, त्याआधी घरच्यांना कोणीतरी येऊन ‘यात काय ठेवायचं, काय विकायचं’ हे सांगणारं हवं असतं. चित्रपट आणि मालिकांच्या कलादिग्दर्शकांना जुन्या खुर्च्या, टेलिफोन आणि कंदील भाड्याने लागतात. तुटल्यास भरपाई किती, ते पावतीवर लिहून घ्या. काही जण एकच प्रकार धरतात: फाउंटन पेन, मनगटी घड्याळं, कॅमेरे. ते घरातल्या एका कपाटात मावतं आणि शंभर वर्षांच्या अलीकडचं असल्याने पुरावशेषांचा परवाना लागत नाही. त्याच्या मागचं विकायचं तर परवाना हवाच. दुकान नाही, मोबाइलवरून विकतो, ही पळवाट नाही. नुसता मालच राज्यातल्या राज्यात विकत असाल तर वर्षाला ४० लाखांपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. मोल सांगण्याची फी किंवा भाडं ही सेवा झाली, आणि तिची मर्यादा २० लाखांची आहे. परराज्यात माल पाठवायला लागलात तर मात्र ४० लाखांची सवलत उरत नाही.

पागडीचे आणि मालाचे पैसे एकदम हातात येतात, तेव्हा ओळखीतला कोणीतरी ‘स्कीम’ घेऊन येतोच. साठी उलटली असेल तर ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, व्याज दर तिमाहीला खात्यात येतं. दर एप्रिल २०२३ पासून ८.२ टक्के होता. खातं उघडताना त्या तिमाहीचा बघून घ्या. आरोग्य विमा दुकान बंद होण्याआधीच घ्या किंवा वाढवा, उत्पन्न दाखवता येतं तोवर. सत्तरीपुढच्यांना आयुष्मान कार्डावर वर्षाला पाच लाखांचं संरक्षण आहे, पण तुमचं नेहमीचं हॉस्पिटल यादीत आहे का, ते आधी विचारा.

आणि मोल सांगायची फी घ्या, पहिल्या दिवसापासून. फुकट भाव सांगितला की लोक तोच आकडा घेऊन चार दुकानं फिरतात आणि ‘अमक्यांनी एवढे सांगितले’ म्हणून तुमचं नाव पुढे करतात. येण्या-जाण्याचा खर्च वेगळा, फी वस्तूंच्या संख्येवर, मोल लेखी आणि त्यावर तारीख. ज्या वस्तूचं मोल तुम्ही केलं, ती त्याच भेटीत स्वतः विकत घ्यायची नाही. हा नियम घरच्यांनाही सांगून ठेवा, कारण मोह तुम्हाला नाही झाला तरी बरोबर आलेल्या पुतण्याला होतो.